जरा जागा बदलता का?

दिवाळीच्या दिवसांत वऱ्हाडची माणसे दोन्ही बाजूंनी धावत असतात. मुंबई-पुण्यास नोकरीला असलेली मुले घरी यावयास निघतात. भाऊबीज आटोपली की घरची वडीलधारी मंडळी महिनाभर मुलांकडे राहावयास जातात. या येण्याजाण्यात चकल्यांचे डबे असतात, संत्र्यांच्या पिशव्या असतात, आणि एक प्रश्न असतो, जो प्रत्येक प्रवासात कोणीतरी कोणाला तरी विचारतोच: "जरा जागा बदलता का?" आजवर हा प्रश्न एस.टी.त होता, आगगाडीत होता. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचे प्रवासी विमान सुरू झाले, आणि तोही विमानात जाऊन बसला. अकोल्याचा शिवणीचा विमानतळ अमरावतीच्या कितीतरी आधीचा. पण धावपट्टी वाढण्याची वाट पाहण्यात अकोलेकरांच्या पिढ्या चालल्या आहेत, तेव्हा त्यांनाही विमानाने जायचे तर बेलोरा नाहीतर नागपूर गाठावे लागते. असो. त्या दुखण्यावर बोट ठेवण्याचा आज विचार नाही. वाचकहो, आज बोलावयाचे आहे ते या लहानशा प्रश्नाविषयी. कारण तो वाटतो तितका लहान नाही.

जागेला नंबर नव्हता तेव्हा हा प्रश्न नव्हता. यवतमाळहून मूर्तिजापुरास आणि तेथून अचलपुरास जाणारी आमची अरुंद रुळांची ‘शकुंतला’ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावयास नको. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली; धावली हा शब्द आपला सौजन्याचा. तिच्यात आरक्षण कोठले? चौघांच्या बाकावर पाचवा आला की "सरका न भाऊ जरासक" एवढेच म्हणे, आणि चौघे सरकत. सहावा आला की पाच जण सरकत. सरकण्यात कोणाचे काही जात नसे. थोडी मांडी अवघडे इतकेच. नंबर आला आणि जागेला मालक आला. आता ‘सरका’ म्हणून भागेना. ‘बदला’ म्हणावे लागले. सरकणारा आपल्या जागेवरच राहतो. बदलणाऱ्याला मात्र जे त्याचे होते ते सोडून, दुसऱ्याचे जे असेल ते घ्यावे लागते. आमच्या लोकांची अडचण अशी की मागताना ते ‘सरका’च्या सुरात मागतात आणि घेतात मात्र आख्खा बर्थ.

याचा नमुना पाहावयाचा असेल तर अमरावती एक्सप्रेसने मुंबईस जावे. गाडी संध्याकाळी सातच्या सुमारास अमरावतीहूनच निघते, त्यामुळे अमरावतीकरांना डबा रिकामा मिळतो. बडनेऱ्यास आणखी मंडळी चढतात. पुढे अकोला सुमारे ८० किलोमीटर. तेवढ्या वेळात डब्यात एक नवे गाव वसलेले असते. आजी खिडकीशी, नातू त्यांच्या मांडीवर, सूनबाईंनी दशम्यांचा डबा उघडून समोरच्या बाकावर मांडलेला, आणि कुटुंबप्रमुखांनी कोणी कोठे झोपावयाचे याची वाटणीही करून टाकलेली. या वाटणीत अकोल्यास चढणाऱ्या एका परक्या माणसाचा खालचा बर्थ धरलेला असतो. तो बिचारा अकोल्यास चढतो. खांद्यावर पिशवी, मागे ढकलणारी माणसे, गाडी हलण्याच्या बेतात. तो आपला नंबर शोधत येतो आणि पाहतो तो तेथे लोणच्याची बरणी! "भाऊ, तुमची सीट कोनती? हे? आमी काय म्हनतो, तुमी वरते जाता काय? वरते मस्त झोप लागते." वरची झोप इतकी मस्त असेल तर ती हे गृहस्थ स्वतः का घेत नाहीत, असे विचारण्याची ही वेळ नसते. बर्थचा मालक उभा असतो आणि मागणारा बसलेला असतो. सगळा दोष यातच आहे. मागणे केव्हाही करावे, पण बसून करू नये. आधी घेतले आणि मग विचारले, तर ते विचारणे राहत नाही. ती नुसती वर्दी होते, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला एका घरादाराला हुसकावून लावल्याचे पाप लागते. अकोलेकरांनी यावर फार मान डोलावू नये. पुढे अर्ध्या तासात शेगाव येते, आणि तेथे चढणाऱ्यांना अकोलेकर काय म्हणतात ते मी ऐकलेले आहे.

खालच्या बर्थासाठी एवढी ओढाताण का, हे आकड्यांवरून कळेल. जुन्या बांधणीच्या शयनयान डब्यात ७२ जागा. त्यांपैकी खालच्या १८, मधल्या १८, वरच्या १८, आणि बाजूच्या वर-खाली मिळून १८. म्हणजे जमिनीलगतच्या जागा २७. त्यातही बाजूच्या खालच्या जागेवर पुष्कळदा दोघे अर्धी अर्धी जागा घेऊन बसलेले. ज्यांचे गुडघे कुरकुरतात अशी माणसे डब्यात २७ पेक्षा अधिक निघणारच. रेल्वेने यासाठी सोय ठेवलेली आहे: ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थांचा वेगळा वाटा आहे. परंतु तो मिळतो केव्हा? असे प्रवासी एकटे, किंवा दोघेच एका तिकिटावर असतील तेव्हा. आमचे कर्तबगार चिरंजीव काय करतात, आईवडील, आपण, पत्नी आणि मुले अशा सहा जणांचे एकच तिकीट काढतात, ‘सगळे जवळ असावेत’ म्हणून. त्या तिकिटाला हा वाटा लागू होत नाही, वडिलांना मधला बर्थ येतो आणि आईंना वरचा. मग चिरंजीव गाडीत आल्यावर तोंड वेंगाडून डबाभर फिरतात. वडीलधाऱ्यांचे तिकीट वेगळे काढले असते तर निम्मी याचना टळली असती. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, हेही दिवाळीच्या प्रवाशाने ध्यानात धरावे. तिकीट काढताना केलेला आळस गाडीतल्या परक्या माणसाने भरून काढावा, ही अपेक्षा काही बरोबर नाही.

आता मागण्याच्या भाषेविषयी. आमच्याकडे माणूस माणसाला नावाने हाक मारीत नाही. काकाजी, भाऊ, मावशी, ताई असे नाते लावून बोलतो. हे फार चांगले आहे. मुंबईकर आठ वर्षे एका जिन्यावर राहून जे बोलत नाही ते वऱ्हाडी माणूस बडनेरा सोडण्यापूर्वी बोलून मोकळा होतो. पण जागा मागताना नाते लावले की त्याला एक निराळी धार येते. "मावशी, तुमच्या लेकरासारखा हाये मी," असे म्हटल्यावर मावशींनी काय करावे? लेकराला नाही कसे म्हणावे? ज्याला आपण अर्ध्या तासापूर्वी ओळखतही नव्हतो, त्याच्या गळ्यात नाते घालून मग ते नाते ओढावयाचे, हे मला पसंत नाही. नाते लावावयाचे तर ते दशमी देताना लावावे. जागा मागताना सरळ सांगावे: माझा बर्थ अमुक नंबरचा, वरचा आहे, मला तुमचा हवा आहे, कारण हे, जमत नसेल तर काही हरकत नाही. शेवटचे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे, आणि तेच बहुतेकांच्या तोंडून गळते. आपण काय देणार हे आधी सांगावे, काय हवे ते नंतर. पुष्कळांचा क्रम उलटा असतो. समोरचा उठून उभा राहिला, सामान काढले, चपला घातल्या, की मग बातमी फुटते की बदलीची जागा तीन डबे पलीकडे, संडासाच्या दाराशी आहे.

एक जात आणखी वाईट. ही माणसे स्वतः काही मागत नाहीत आणि स्वतःचे काही देतही नाहीत. ती पंच होतात. समोरच्या बाकावर बसून म्हणतात, "द्या की हो, तुम्ही तर तरुण आहात. एका रात्रीचा प्रश्न." हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात ते हेच. या पंचांपैकी एखाद्याचा खालचा बर्थ असतो. तो द्या म्हणावे, की त्यांना लगेच झोप येते.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. दर्यापूरकडचे एक शेतकरी, पन्नाशी उलटलेले, गळ्याला मफलर, पत्नीसह परळच्या टाटा रुग्णालयात निघाले होते. हे अर्थात आम्हांला नंतर कळले. त्यांना खालचा बर्थ होता. शेजारच्या कुटुंबाची दोन लहान मुले दुसरीकडे आली होती आणि त्यांना एकत्र व्हावयाचे होते. मागणे अगदी वाजवी, भाषाही सभ्य. हे गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. पत्नी काही बोलणार तोच एका पंचाने आपले ते वाक्य म्हटले. गृहस्थ उठले. "बसा न बाई, आपल्याले काय, एका रातीचा तं प्रश्न हाये," म्हणाले, आणि लोखंडी पायरीवर पाय ठेवून कसेबसे वर गेले. रात्री भुसावळच्या आसपास ते खाली उतरले. मग जळगावनंतर पुन्हा. प्रत्येक वेळी त्यांची पत्नी खाली उभी राहून हाताने त्यांचे पाऊल पायरीवर टेकवी. तिसऱ्या वेळी खालच्या बाई जाग्या झाल्या. त्यांनी पाहिले मात्र, मुलाला कडेवर घेऊन झटकन उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही खाली या." ते म्हणाले, "राहू द्या बाई, लेकरू उठन. आता मनमाड आलंच." बाई उरलेली रात्र बसून होत्या.

या गोष्टीत कोणी दुष्ट नाही. ते गृहस्थ नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हटले की ‘का?’ येणार, आणि त्या ‘का’चे उत्तर म्हणजे आपले दुखणे साऱ्या डब्यापुढे उघडे करणे. गावात जे कोणाला सांगितले नव्हते ते बडनेरा-अकोल्याच्या मधे पंधरा अनोळखी माणसांना सांगावयाचे, ते कशासाठी, तर आपल्याच जागेवर झोपण्यासाठी! म्हणून माझे म्हणणे असे की जागा नाकारणाऱ्याला कारण विचारू नये, आणि त्याने ते देऊही नये. "नाही, मला हीच जागा लागते," एवढे पुरे. वऱ्हाडी माणसाला हे वाक्य फार जड जाते. दारी आलेल्याला चहाशिवाय न सोडणारे आम्ही. तोंडावर नाही म्हणणे म्हणजे आम्हांला उद्धटपणा वाटतो. एकट्या प्रवास करणाऱ्या मुलीला तर आणखी जड जाते. तिला पुरुषांच्या कोंडाळ्यात जाऊन बसण्याविषयी कोणी विचारूच नये हे खरे, पण विचारतात. जेथे नकार इतका अवघड आहे, तेथे मागणाऱ्यानेच दुप्पट जपून मागितले पाहिजे.

बदल ठरला तर तो तिकीट तपासनिसाच्या कानावर घालावा. त्याच्या यंत्रात नंबरापुढे नाव असते. नाव आणि माणूस जुळले नाही की तो झोपलेल्याला हलवून उठवतो. आणि मधल्या बर्थाविषयी भांडणाऱ्यांसाठी: २०१७ पासून झोपण्याची वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशी ठरलेली आहे. त्या आधी मधला बर्थ उघडून खालच्याची मान वाकवू नये, आणि त्या वेळेत खालच्याने ‘अजून बसतो’ म्हणून अडून राहू नये. आजारी, अपंग आणि गरोदर स्त्रिया यांची गोष्ट वेगळी.

आता विमान. बेलोऱ्याहून सुरू झालेले विमान पंख्याचे, सत्तर-बहात्तर आसनांचे; म्हणजे योगायोगाने एक शयनयान डबाच. त्यात मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांना दोन-दोन जागा असतात. मधली जागा नाहीच! जेथे तीन-तीन जागा असतात अशा नागपूरच्या मोठ्या विमानांत सारा तंटा त्या मधल्या जागेचा असतो. दोन्ही कोपरे दुसऱ्यांचे, आणि आपण उसाच्या चरकात. अशा मधल्या जागेवरचा गृहस्थ कडेच्या माणसास जागा मागतो तेव्हा तो अदलाबदल मागत नसून देणगी मागत असतो, हे त्याने मनाशी कबूल करावे. शिवाय विमानात पुष्कळ जण जागा निवडण्याचे वेगळे पैसे मोजतात. तिकीट सगळ्यांनीच काढले आहे. खिडकी याने विकत घेतली आहे. पैसे न भरता मिळालेली मागची जागा पुढे करून पैसे भरलेली पुढची मागणे, हे बाजारात जाऊन ढोबळी मिरचीच्या बदल्यात संत्री मागण्यासारखे आहे.

लहान मुलांची अडचण मात्र खरी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ साली कंपन्यांना सांगितले की १२ वर्षांपर्यंतच्या मुलास, एकाच आरक्षणावर असलेल्या आई-वडिलांपैकी वा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यावी. तेव्हा तिकिटावर मूल दूर पडलेले दिसले तर विमानात चढून शेजाऱ्यापुढे पदर पसरण्यापूर्वी खाली खिडकीशीच सांगावे. ते काम त्यांचे आहे.

आगगाडीत नसलेली आणखी एक गोष्ट विमानात असते: तेथे जागा बदलण्यास केवळ शेजाऱ्याची संमती पुरत नाही. उड्डाणापूर्वी भाराचा हिशेब मांडलेला असतो. पुढे किती माणसे, मागे किती, सामान कोठे. एकाने दुसऱ्याच्या जागी बसल्याने त्यात काही बिघडत नाही, परंतु लहान विमान अर्धे रिकामे असेल आणि आठ-दहा जण मोकळी जागा पाहून मागे जाऊन बसले, तर बिघडू शकते. म्हणून रिकामी दिसणारी जागासुद्धा विचारल्याशिवाय आपली समजू नये, आणि विमानातली बाई ‘आपल्या जागेवर बसा’ म्हणाली तर ‘रिकामीच तर आहे’ असा वाद घालू नये. तसेच आणीबाणीच्या दाराशेजारची रांग. तेथे पाय ऐसपैस पसरता येतात, म्हणून गुडघेदुखीच्या आजींना तेथे बसवण्याची कल्पना अनेकांना सुचते. अडचणीच्या वेळी दार उघडण्यास मदत करू शकेल अशाच धडधाकट माणसाला तेथे बसू देतात. मुलांना, गरोदर बाईंना आणि आजींना नाही.

आणि बोलणी वाटेत उभे राहून करू नयेत. या विमानात चढावयाचे ते मागच्या एकाच दाराने, आत वाट एकच आणि तीही अरुंद. दोन गृहस्थ पाचव्या रांगेपाशी ‘तुम्ही इकडे, मी तिकडे’ करीत राहिले की बाकीचे प्रवासी खाली फरशीवर उन्हात. वऱ्हाडचे वैशाखातले ऊन काय असते ते मुंबईकरास ठाऊक नसेल, आपल्याला आहे. आधी तिकिटावरच्या जागेवर मुकाट्याने बसावे, रांग जाऊ द्यावी, मग हळू आवाजात, एकाच माणसास, एकदाच विचारावे. दार लागण्यापूर्वी जमले तर जमले. हा प्रवास दोन तासांच्या आतला आहे. अमरावती एक्सप्रेसची रात्र नव्हे. दोन तास नवराबायको वेगळे बसल्याने संसार मोडत नाही, क्वचित सुधारतोही.

खिडकीची गोष्ट तेवढी मी वेगळी धरीन. या विमानाचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खाली पाहताना पंख आड येत नाही. ज्यांनी जन्मभर आपले शेत बांधावर उभे राहूनच पाहिले, त्यांना वरून कपाशीची आणि तुरीची चौकटी दिसते. पहिल्यांदा विमानात बसलेली एखादी आजी मधल्या वाटेच्या बाजूला बसून मान उंच करकरून शेजाऱ्याच्या खांद्यावरून बघत असते. ती मागणार नाही. शेजारी महिन्यातून चार वेळा ये-जा करणारा असतो आणि झोपलेला असतो. त्याने उठून, "आजी, तुम्ही बसता का इकडे?" म्हटले तर त्याचे काय जाते हे त्याचे त्याने ठरवावे, मी पंच होणार नाही.

आभार मात्र मानावेत, आणि नुसते मान हलवून नव्हे. आगगाडीत याची सोय चांगली आहे. अकोल्यास जागा बदलून मिळाली तर पुढे शेगाव येते. तेथली कचोरी प्रसिद्धच आहे, आणि दोन कचोऱ्या कागदात बांधून वरच्या बर्थावर पोहोचवल्या की हिशेब बराचसा फिटतो. विमानाला वाटेत शेगाव लागत नाही. तेथे तोंडानेच बोलावे लागते, आणि तेवढ्यापुरती तरी कानांतली यंत्रे काढून ठेवावीत.